बापूची मेंढरं

आमच्या जीवशास्त्र विभागात नव्याने आलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी बजावून सांगितल्या जायच्या. एक, ऑटोक्लेव्ह, म्हणजे निर्जंतुक करायचा तो मोठा कुकर, तापलेला असताना त्याच्या झाकणाला हात लावायचा नाही. दुसरी, बापूला 'थिसिस कधी देणार' असं विचारायचं नाही. पहिल्या चुकीवर निदान मलम तरी होतं. दुसरी चूक करणाऱ्यावर बापू चिडायचा नाही, ओरडायचा नाही. तो त्या माणसाकडे अपार करुणेनं बघायचा, त्याला शेजारच्या स्टुलावर बसवायचा आणि विचारायचा, "तुजं काय बिनसलंय?" अर्ध्या तासानं तो माणूस स्वतःचंच रडगाणं गात बसलेला असायचा आणि बापू मान डोलवत ऐकत असायचा.

बापू हे त्याचं नाव नव्हे. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच राहिलं. साताऱ्यातल्या आमच्या विद्यापीठात तो सगळ्यात जुना पीएचडीचा विद्यार्थी. इतका जुना, की ऑफिसातली मंडळी त्याला कुठला कागद कुठल्या कपाटात आहे ते विचारायची. गाव वडूजच्या पलीकडं, माळावर. घर मेंढपाळाचं. घरातला कॉलेजात गेलेला तो पहिला, आणि त्याच्याच शब्दांत सांगायचं तर, "गेलो आन् परत यायचं इसारलो."

त्याच्या खुर्चीवर काळं घोंगडं टाकलेलं असायचं. आमच्या कल्चर रूमचा एसी काही विचारू नका. आत गेलं की दात वाजायचे. आम्ही स्वेटरवर स्वेटर चढवायचो. बापू घोंगड्याची खोळ करून डोक्यावर घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसायचा. एकदा बाहेरून पाहुणे म्हणून आलेल्या एका प्राध्यापकांनी दार उघडलं, आत बघितलं, 'सॉरी' म्हणाले आणि दार लावून घेतलं.

त्याचा अभ्यासाचा विषय होता उसावरचा लोकरी मावा. उसाच्या पानाखाली अंगावर पांढरी लोकर पांघरून दाटीवाटीनं बसणारी आणि रस पिणारी ही कीड. मेंढपाळाच्या पोराला हाच विषय मिळावा याची त्याला स्वतःलाच फार गंमत वाटायची. "घरी बी लोकर, हितं बी लोकर. माजी काय सुटका न्हाई, गड्या!" या माव्याला खाणारी एक अळी असते. पुस्तकात तिला मित्रकीटक म्हणतात, शेतकरी ती मुद्दाम उसात सोडतात. कुठल्या हवामानात ही अळी किती मावा फस्त करते, हे बापूला शोधायचं होतं. म्हणजे खरं तर त्यानं अळीच्या बाजूचं असायला हवं. पण बापू माव्याला 'माजी मेंढरं' म्हणायचा आणि अळीला 'लांडगं'. प्रयोगासाठी अळ्या सोडायच्या दिवशी तो सकाळपासून गप्प असायचा.

संध्याकाळी उजेड उतरायला लागला की तो विभागात एक फेरी मारायचा. प्रत्येक प्रयोगशाळेच्या दारात उभा राहायचा, आत नजर टाकायचा आणि पुढं जायचा. मला आधी वाटलं, दिवे-पंखे बघतो. मग एकदा तो आमच्या दारात थबकला आणि म्हणाला, "कडेगावची कुटं गेली?" कडेगावची म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलवर काम करणारी, आमच्यातली सर्वांत धाकटी. ती दुपारपासून नव्हती हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं, आणि आम्ही हाताच्या अंतरावर बसायचो.

"तुम्ही रोज मोजता का आम्हाला?" मी विचारलं.

"मोजतंय कोण? मेंढरं मोजायची नसत्यात. बघायची असत्यात. कोण न्हाई ते आपसूक दिसतं."

कडेगावची गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं बसून रडत होती. बापू तिला घेऊन आला, चहा पाजला. काय झालं, का रडत होतीस, यातलं एक अक्षर विचारलं नाही.

पण बापूची खरी ख्याती होती ती कडू घासासाठी. आमच्याकडं घरात कुणी गेलं की त्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे, भावकीतले लोक पिठलं-भाकरी घेऊन जातात, शेजारी बसतात आणि घरच्यांना बळंच दोन घास खायला लावतात. तो कडू घास. बापूनं ही रीत विभागात आणली होती. कुणाचं प्लेटवर वाढवलेलं कल्चर मेलं, कुणाच्या बिया उगवल्याच नाहीत, कुणाचा पेपर परत आला, की बापू खानावळीतल्या मावशींकडून पिठलं-भाकरी बांधून घ्यायचा आणि त्या माणसाच्या टेबलापाशी येऊन बसायचा. मागोमाग बाकीचे यायचे. कुणाला बोलावणं नसायचं. नियम दोनच. पहिला, जेवण होईपर्यंत कुणी सल्ला द्यायचा नाही. 'प्लेटमधलं खाद्य नीट बनवलं होतंस का' असं विचारणाऱ्याला बापू हाताला धरून बाहेर काढायचा. दुसरा, ज्याचं गेलंय त्यानं कोण गेलं ते नाव घेऊन सांगायचं. त्याशिवाय घास नाही.

माझी पाळी पहिल्याच वर्षी आली. मी मातीतल्या एका उपयोगी बुरशीवर काम करते. एका सकाळी इन्क्यूबेटर उघडला तर माझ्या सगळ्या प्लेट्सवर भलतीच काळी बुरशी पसरलेली. चार महिन्यांची मेहनत. मी तशीच खुर्चीत बसून राहिले. थोड्या वेळानं समोर फडक्यात बांधलेल्या भाकरी आल्या आणि बापू बसला.

"कोण गेलं?"

"काही नाही हो. कंटॅमिनेशन झालं."

"ते कशानं गेलं त्ये झालं. कोण गेलं? नाव सांग."

मी चिडून माझ्या बुरशीचं लॅटिन नाव सांगितलं. सांगता सांगताच मी सगळ्यांदेखत भोकाड पसरलं. कुणी समजूत काढली नाही. कडेगावचीनं नुसती भाकरी मोडून माझ्या हातात दिली. पिठल्यात मिरची इतकी होती की पुढचं रडणं कशाचं, ते माझं मलाच कळेना.

नेमका तेव्हाच माझा फोन वाजला. माझे हात पिठल्यानं भरलेले, म्हणून बापूनं उचलला. पलूसहून माझे वडील, आप्पा.

"कोण बोलतंय? पोरगी कुटं हाय?" आप्पा म्हणाले.

"आवं, हाय हितंच," बापू शांतपणे म्हणाला. "तिच्याकडची सगळी गेली सकाळी. लय रडली. आता आमी कडू घास घिऊन बसलोय. दोन घास खाती म्हणजे बरं वाटंल."

पलीकडून फोन कट झाला. बापूला वाटलं, रेंज गेली.

दुपार कलली तेव्हा विभागाच्या फाटकाशी जीप येऊन थांबली आणि गळा काढून रडण्याचा आवाज आला. मी खिडकीतून बघते तर माझी आई! पदर तोंडाला लावलेला, फाटकापासूनच सूर धरलेला. मागं आप्पा, खांद्यावर पांढरा टॉवेल, हातात पितळी डबा. आप्पा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. चालताना पाठीचा कणा इकडचा तिकडं होत नाही. त्या दिवशी तेही वाकून चालत होते. सगळ्या वाटेनं दोघांनी माझा फोन लावला होता, आणि तो बापूनं, मला निवांत जेवू द्यावं म्हणून, बंद करून ठेवला होता.

मी धावत खाली गेले. मला आणि माझ्यामागून आलेल्या सगळ्यांना धडधाकट बघून आईचा सूर मध्येच तुटला. "मंग गेलं कोण?" तिनं विचारलं.

आता काय सांगणार? मी त्यांना वर नेलं आणि प्लेट्स दाखवल्या. आप्पांनी एक प्लेट उचलली, उजेडात धरली, उलटी करून बघितली.

"बुरशी मेली?"

"हो."

"कशानं?"

"दुसऱ्या बुरशीनं."

आप्पांनी प्लेट परत जागेवर ठेवली. 'बास झालं हे शिक्षण, चल घरी' हे शब्द आता येतील, मग येतील, असं मला वाटत होतं. तेवढ्यात बापूनं घोंगडं अंथरलं आणि म्हणाला, "आवं, डबा आणलाय न्हवं? बसा की."

आणि आप्पा बसले. पिठलं एवढ्या लांब आणून परत नेणं त्यांच्या हिशोबात बसत नव्हतं बहुतेक. जेवता जेवता त्यांनी बापूचं गाव विचारलं. वडूजकडचा, मेंढक्याच्या घरचा म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

"मंग तुमची मेंढरं येत असतील आमच्याकडं?"

"येत्यात की! ऊस तुटला की पलूसच्याच रानात बसायची. माजं निम्मं ल्हानपण तुमच्या पाचटात गेलंय."

आमच्या भागात हे असं चालतं. ऊस तुटून रान मोकळं झालं की शेतकरी मेंढपाळाला आपण होऊन बोलावतो. रात्री कळप रानात मुक्कामाला राहतो, जमिनीला लेंडीखत मिळतं. त्याला मेंढरं बसवणं म्हणतात. ज्याच्या रानात मेंढरं बसली त्याचं आणि मेंढपाळाचं एक नातं होतं.

"अरं, मंग तू घरचाच की रं," आप्पा म्हणाले आणि स्वतःच्या हातानं त्याला भाकरी वाढली. गावात परतल्यावर 'बुरशीच्या सुतकाला जाऊन आलो' ही गोष्ट त्यांनी इतक्या जणांना सांगितली की मला वर्षभर गावात तोंड दाखवायची चोरी झाली. पण तेव्हापासून फोनवर त्यांनी 'कवा संपणार' हे विचारणं सोडलं. "सगळी जित्ती हायत न्हवं?" एवढंच विचारायचे.

सगळ्यांच्या सुतकाला जाणाऱ्या या माणसाचं स्वतःचं काम मात्र मुंगीच्या पावलानं चाललं होतं. मुदतवाढ मिळून मिळून संपली होती. त्याच्या मार्गदर्शक मॅडम त्याच्यावर माया करणाऱ्या, पण त्यांच्याही हातात आता काही नव्हतं. हा शेवटचा हंगाम. थंडीतला एकच प्रयोग उरला होता. तो झाला की लिहून द्यायचं, नाही झाला तर नोंदणी रद्द. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. उन्हं तापली की लोकरी मावा रानातून नाहीसा होतो, म्हणून बापूनं विभागामागच्या जाळीघरात कुंडीतल्या उसावर तो जिवापाड जपून वाढवला होता. शेजारच्या खणात लांडगे.

फेब्रुवारीत कडेगावची सुट्टीला घरी गेली ती परत आलीच नाही. फोन उचलेना, मेसेज बघेना. आम्ही म्हणालो, येईल. बापू म्हणाला, "न्हाई यायची," आणि मोटरसायकलला किक मारून कडेगावला गेला. त्यांच्या घरी दोन दिवस राहिला. तिच्या वडिलांबरोबर गूळ करायच्या गुऱ्हाळावर बसला, आजीच्या गुडघ्यांच्या तक्रारी ऐकल्या. तिसऱ्या दिवशी ती आपण होऊन बॅग भरून त्याच्या मागं बसली. कशानं तयार झालीस असं मी नंतर विचारलं तर ती म्हणाली, "ते काहीच बोलले नाहीत गं. मलाच लाज वाटली, किती दिवस जेवायला घालणार त्यांना!"

ते दोघं परतले त्या संध्याकाळी फेरी झाली नाही. आधी कुणाला काही जाणवलं नाही. अंधार पडायला लागला तसं जो तो दाराकडं बघायला लागला. काहीतरी राहिलंय, पण काय ते समजेना. शेवटी कडेगावचीच म्हणाली, "बापू कुठंय?" सगळ्यांना बघणारा माणूस दिसत नव्हता आणि तो दिसत नाही हे सांगायलाही दुसरं कुणी नव्हतं.

तो जाळीघरात होता. मधल्या जाळीचा कोपरा उंदरानं कुरतडला होता. तेवढ्या भोकातून अळ्या पलीकडच्या खणात शिरल्या होत्या. उसाच्या पानांखाली लोकरीचा एक धागा उरला नव्हता. गुबगुबीत झालेल्या अळ्या तेवढ्या निवांत पडल्या होत्या.

बापू घोंगड्याची घडी घालून त्यावर बसला होता. "मेंढरांच्या वाड्यात लांडगं शिरलं," म्हणाला. "जाऊ द्या. उद्या जातो गावाकडं. भावाला बी माणूस कमीच पडतंय."

खानावळीतून पिठलं-भाकरी आली. आम्ही सगळे त्याच्याभोवती बसलो. कडेगावचीनं घाबरत घाबरत विचारलं, "कोण गेलं, बापू?"

"कोण न्हाई गेलं. माजी चूक हाय. जाळी तपासून जायला पायजे हुतं. चुकीला कडू घास नसतो. जेवा तुमी."

त्यानं भाकरीला हात लावला नाही. मला त्याचा भयंकर राग आला. आम्हाला प्रत्येकाला आमचं दुःख उघड्यावर आणून खायला लावणारा हा माणूस, स्वतःची वेळ आली तेव्हा दार लावून बसत होता. हा कुठला न्याय?

मी बाहेर आले आणि आप्पांना फोन लावला.

"आप्पा, आपल्या उसात लोकरी मावा आहे का?"

पलीकडं स्फोटच झाला. "आपल्या उसात? काय बोलतीस काय? ऊस बगायला लोकं येत्यात आपला! कुणी सांगितलं तुला?"

मी सगळी हकिकत सांगितली. "न्हाई आपल्यात," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मग जो तो आपापल्या गावाकडं फोन लावत सुटला. कडेगाव, पलूस, कऱ्हाड, वाळवा. शेतकऱ्याला 'तुमच्या उसात मावा आहे का' विचारणं म्हणजे सोयरीक जमवताना 'तुमच्यात कुणी वेडं आहे का' असं विचारण्यासारखंच. सगळ्यांचं उत्तर एकच, "आमच्यात न्हाई, शेजाऱ्याच्यात बगा." शेजाऱ्याला विचारावं तर तो पहिल्याकडं बोट दाखवायचा. अख्ख्या कृष्णाकाठी औषधालासुद्धा कीड नव्हती. शेतकरी इतका सुखी मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

सकाळी बापूनं बॅग भरली. कडेगावची तिच्यावर जाऊन बसली आणि उठेना. तेवढ्यात फाटकाशी जीपचा हॉर्न वाजला.

आप्पा एकटेच आले होते. मागच्या बाजूला ओल्या पोत्यांत उसाचे शेंडे गुंडाळलेले. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि दबक्या आवाजात सांगितलं, "हिरीकडच्या कडंला थोडा हाय. थोडाच. तुज्या आईला बी म्हाईत न्हाई. आज फवारणार हुतो. कुटं बोलायचं न्हाई, काय?"

मी पोतं उघडलं. पानांखाली पांढरीशुभ्र लोकर दाटून बसली होती. 'थोडा' हा शब्द बापाच्या मायेनं वापरलेला होता.

पण आप्पा ते शेंडे घेऊन बापूकडं गेले नाहीत. आधी डबा काढला. जाळीघरात जाऊन बापूसमोर मांडी घालून बसले, डबा उघडला आणि एखाद्या जवानाला विचारावं तशा आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

"आवं, आप्पा, चूक माजी..."

"चूक कुणाची त्ये नंतर बगू. गेलं कोण? नाव सांग."

बापूनं मान खाली घातली. मग म्हणाला, "माजी मेंढरं गेली, आप्पा." आणि तो रडला. आम्ही त्याला इतक्या वर्षांत कधी रडताना बघितलं नव्हतं. कुणी समजूत काढली नाही. रीतच तशी होती. आप्पांनी भाकरी मोडून त्याच्या हातात दिली, आणि त्याचा पहिला घास पोटात गेल्यावरच मला म्हणाले, "आन ती पोती. म्हणावं, ही जित्ती हायत."

पुढं आम्ही सगळ्यांनी पाळ्या लावून जाळी तपासली. आप्पांनी विहिरीकडची कड पुढं कित्येक आठवडे फवारली नाही आणि गरज लागेल तसे शेंडे पाठवत राहिले. उन्हं रणरणायच्या आत प्रयोग झाला. बापूनं थिसिस दिला, आणि ही बातमी ऐकून ऑफिसातल्या एका बाईंनी चक्क डोळ्यांना पदर लावला.

तोंडी परीक्षा सर्वांसाठी खुली असते. आप्पा आले ते फेटा बांधून, बरोबर गावचे दोन शेजारी घेऊन. 'आमचा बापू डॉक्टर होतोय' हे त्यांनी गावभर केलं होतं. नेमका कशात होतोय ते मात्र सांगितलं नव्हतं. तिघं पहिल्याच रांगेत बसले. बापू त्या दिवशी सूट घालून आला होता. घोंगडं मागच्या खुर्चीवर होतं.

सगळं छान चाललं होतं. शेवटी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "त्या दिवसांत मावा कुठेच नव्हता असं तुम्हीच लिहिलंय. मग तुम्ही मिळवला कुठून?"

बापूला खोटं बोलता येत नाही. त्यानं आप्पांकडं वळून दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, "ह्यांच्या उसातनं. पलूस. हिरीकडची कड."

सगळं सभागृह आप्पांकडं बघायला लागलं. दोन्ही शेजाऱ्यांच्या माना सावकाश वळल्या. त्यातल्या एकाला राहवेना.

"आप्पा, तुमच्या उसात मावा हुता व्हय?"

आप्पा उठून उभे राहिले. पाठ ताठ केली, फेटा सारखा केला.

"माज्या उसात मावा कवाच नव्हता," ते म्हणाले. "ती बापूची मेंढरं हुती. मी बसवून घेतली हुती रानात."